ग्वाल्हेरचा किल्ला आणि तिथला शाही कैदखाना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेर म्हटलं की आपल्याकडे शिंदे सरकार, झाशीची राणी आणि तानसेन एवढं लगेच आठवतं. पण साधारण १३१६ पासून १६७० च्या दशकापर्यंत, मधला तोमर राजांचा काळ सोडला तर, हा डोंगरी किल्ला दिल्ली-आग्र्याच्या बादशहांचा खास तुरुंग होता आणि आपल्या अहमदनगरच्या निजामशाहीचा शेवट पण तिथेच झाला, हे फार कमी लोकांना माहिती असतं. किल्ला बघून आलेले लोक आणि जायचा प्लॅन करणारे लोक जे प्रश्न सारखे विचारतात ते इथे एकत्र घेतलेत.

किल्ला नेमका कसा आहे? आपल्या सह्याद्रीतल्या गडांसारखा आहे का?

नाही, बराच वेगळा आहे. आपल्याकडे डोंगररांगा असतात, एका गडावरून दुसरा दिसतो, मध्ये खिंडी, सोंडा, माच्या असं सगळं असतं. ग्वाल्हेरला सपाट प्रदेशात मध्येच एकटी वालुकाश्माची टेकडी उभी आहे, उंची साधारण १०० मीटर, लांबी अडीच-तीन किलोमीटर आणि रुंदी मात्र खूप कमी, काही ठिकाणी तर अगदीच चिंचोळी. जुन्या लेखांत तिला गोपाद्री किंवा गोपगिरी म्हटलंय. कडे सरळ तुटलेले आहेत, बऱ्याच जागी माणसांनी ते अजून तासून सरळ केलेत. वर पाण्याचे मोठे तलाव आणि बावड्या आहेत. म्हणजे खालून वेढा पडला तरी वरचे लोक महिनोन्‌महिने तग धरू शकत होते. १२३२ मध्ये इल्तुतमिशने किल्ला घेतला तेव्हा त्याला जवळजवळ वर्षभर खाली बसून राहावं लागलं होतं आणि शेवटी आतल्या बायकांनी जोहार केला, तो जौहर कुंड अजून दाखवतात.

तुरुंगासाठी हाच किल्ला का? बादशहांकडे किल्ले काय कमी होते?

मोगलांच्या काळापुरतं बोलायचं तर दोन कारणं सरळ दिसतात. एक म्हणजे अंतर. आग्र्यापासून ग्वाल्हेर साधारण १२० किलोमीटर, म्हणजे रोजच्या दरबारातून माणूस पार नाहीसा होतो पण हुकूम मात्र दोन-तीन दिवसांत पोचतो. कैदी लांब बंगालमध्ये किंवा काबूलला ठेवला तर तिथला सुभेदारच त्याला हाताशी धरून बंड करायची भीती. दुसरं म्हणजे आग्र्याहून माळव्यात आणि दख्खनेत जाणारा रस्ता इथूनच जायचा, त्यामुळे इथे कायम बादशहाच्या विश्वासातला किल्लेदार आणि भरपूर शिबंदी असायचीच, तुरुंगासाठी वेगळी व्यवस्था करायची गरज नव्हती.

जहांगीरच्या काळात विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी इकडे फिरत होता, त्याने बादशहाच्या तीन नामांकित तुरुंगांबद्दल लिहून ठेवलंय. रणथंभोरला ज्यांना मारायचं ठरलंय ते, बिहारमधल्या रोहतासगडावर ज्यांना जन्मभर ठेवायचंय ते, आणि ग्वाल्हेरला मोठमोठे सरदार आणि घराण्यातली माणसं. म्हणजे ग्वाल्हेरला कोण पाठवला जायचा तर ज्याच्याबद्दल अजून काही ठरलेलं नाही तो. उद्या त्याला सोडून जहागीर पण मिळू शकते आणि उद्या त्याचं डोकं पण उडू शकतं. मला विचाराल तर या तुरुंगातली खरी शिक्षा तीच होती, दगडी कोठडीपेक्षाही ती जास्त भयंकर वाटते.

इथे ठेवलेले पहिले राजघराण्यातले कैदी कोण?

ज्यांची हकिकत नीट मिळते असे सगळ्यात जुने म्हणजे अलाउद्दीन खिलजीची मुलं. अलाउद्दीनच्या शेवटच्या दिवसांत मलिक काफूरने त्याचे कान भरले आणि थोरला मुलगा खिज्रखान ग्वाल्हेरला गेला. १३१६ मध्ये अलाउद्दीन वारल्यावर काफूरने खिज्रखान आणि त्याचा भाऊ शादीखान दोघांचे डोळे काढायला लावले. आंधळा माणूस तख्तावर बसू शकत नाही, हा त्यामागचा हिशोब. पुढे काफूरच मारला गेला, तिसरा भाऊ मुबारकशहा सुलतान झाला, पण भावांची सुटका काही झाली नाही.

इथे आपल्या देवगिरीचा संबंध येतो. १३१८ मध्ये मुबारकशहा देवगिरीवर चालून आला, यादवांचा जावई हरपालदेव याला हाल करून मारलं, आणि परतीच्या वाटेवर असताना त्याला मारायचा कट उघड झाला. कट करणारा त्याच्याच नात्यातला होता. मुबारकशहा एवढा हादरला की त्याने ग्वाल्हेरला माणूस पाठवून तिन्ही कैदी भावांना मारून टाकलं. त्यातला शिहाबुद्दीन तर लहान पोरगा होता, काफूरने काही दिवस नावाला तख्तावर बसवलेला तोच.

निजामशाही ग्वाल्हेरला संपली म्हणजे काय? ती तर दौलताबादला संपली ना?

शाळेत आपण तसंच शिकतो, १६३३ ला दौलताबाद पडलं, १६३६ ला माहुलीचा तह झाला, निजामशाही संपली. पण त्या गादीवरच्या माणसांचं पुढे काय झालं हे पुस्तकात येत नाही आणि मला तर हाच या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला बहादूर निजामशहा. चांदबिबीने ज्याच्या नावाने अहमदनगर लढवलं तो हा मुलगा. १६०० मध्ये चांदबिबीला तिच्याच लोकांनी मारलं, किल्ला अकबराच्या फौजेने घेतला आणि या लहानग्या निजामशहाला पकडून ग्वाल्हेरला नेलं. पुढच्याच वर्षी खानदेशचा बहादूरखान फारुकी पण, असीरगड पडल्यावर, ग्वाल्हेरलाच पाठवला गेला. म्हणजे एका वर्षाच्या आत नगर आणि बुऱ्हाणपूर दोन्ही दरबारांचे मालक एकाच टेकडीवर कैदी.

नगर पडलं तरी निजामशाही काही लगेच मेली नाही, मलिक अंबरने परांडा, जुन्नर, दौलताबाद असं केंद्र हलवत पंचवीस वर्षं ती जिवंत ठेवली. अंबर १६२६ ला गेला. त्याचा मुलगा फतहखान याने आपला निजामशहा मारून त्याच्या लहान मुलाला, हुसेनला, गादीवर बसवलं. १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबाद घेतलं तेव्हा फतहखानला मोगलांनी पैसे आणि नेमणूक देऊन सांभाळून घेतलं आणि त्या पोराला मात्र ग्वाल्हेर दाखवलं. हा तिथे गेलेला दुसरा निजामशहा.

आणि तिसरा आपल्या शहाजीराजांचा. दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातला मुर्तजा नावाचा मुलगा शोधून काढला, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं मोगल आणि विजापूर दोघांशी झुंज दिली. नाशिक, जुन्नर, कोकण एवढा मुलूख त्यांनी या पोराच्या नावाने चालवला. पण १६३६ मध्ये शाहजहान स्वतः दख्खनेत उतरला, विजापूरकरांनी मोगलांशी तह केला आणि शहाजीराजे माहुलीला अडकले. खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान यांच्या वेढ्यात शेवटी तहाची बोलणी झाली, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि मुर्तजाला मोगलांच्या हवाली करावं लागलं. त्यावेळी दख्खनचा सुभेदार होता नुकताच नेमलेला औरंगजेब, वय जेमतेम अठरा. मुर्तजा पण ग्वाल्हेरलाच गेला.

शाहजहानच्या कारकिर्दीच्या फारसी हकिकतींत याची नोंद येते आणि तिथे सांगितलंय की या निजामाच्या आधीचे दोन निजाम ग्वाल्हेरच्या किल्ल्यात होतेच, एक नगर पडल्यावर आणलेला आणि एक दौलताबाद पडल्यावर आणलेला. एकाच किल्ल्यावर एकाच घराण्याचे तीन राजे! आणि तिघंही गादीवर बसले तेव्हा लहान मुलं होती, कोणाच्या ना कोणाच्या तरी राजकारणासाठी बसवलेली. पहिला बहादूर १६०० पासून तिथे, म्हणजे तिसरा आला तेव्हा त्याची छत्तीस वर्षं कैदेत गेलेली. शहाजीराजांना मुर्तजाला सोडताना काय वाटलं असेल याचा मी नेहमी विचार करतो. शिवाजीराजे तेव्हा सहा वर्षांचे होते. दुसऱ्याच्या नावाने कितीही पराक्रम केला तरी एका तहात ते नाव काढून नेता येतं, हा धडा भोसले घराण्याने अगदी जवळून बघितला होता आणि पुढे स्वतःच्या नावाने राज्याभिषेक करून घेण्यामागे हा अनुभव कुठेतरी असणारच असं माझं प्रामाणिक मत आहे.

शिखांचे गुरु हरगोविंद इथेच कैदेत होते का?

हो. पाचवे गुरु अर्जनदेव यांना जहांगीरच्या काळात १६०६ मध्ये लाहोरला हाल करून मारलं. त्यांचे पुत्र हरगोविंद सहावे गुरु झाले, त्यांनी दोन तलवारी बांधल्या, एक मिरीची आणि एक पिरीची, म्हणजे राज्य आणि धर्म दोन्हीची, आणि शिष्यांकडून घोडे आणि शस्त्रं स्वीकारायला सुरुवात केली. जहांगीरने त्यांना ग्वाल्हेरला पाठवलं. किती काळ होते याबद्दल वेगवेगळ्या ग्रंथांत वेगवेगळे आकडे आहेत, काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत.

शीख परंपरेतली कथा अशी की सुटकेचा हुकूम आल्यावर गुरूंनी सांगितलं, इथे कैदेत असलेल्या राजांना घेतल्याशिवाय मी बाहेर पडणार नाही. बादशहा म्हणाला, जेवढे तुमचा पदर धरून बाहेर येतील तेवढे सोडतो. मग गुरूंनी ५२ टोकांचा अंगरखा शिवून घेतला आणि प्रत्येक टोक एकेका राजाने धरलं आणि ५२ जण बाहेर पडले. म्हणून त्यांना बंदीछोड म्हणतात आणि दिवाळीच्या दिवशी शीख लोक बंदीछोड दिवस साजरा करतात, अमृतसरला सुवर्णमंदिरात त्या रात्री जी रोषणाई असते ती त्याचीच. किल्ल्यावर दाता बंदीछोड गुरुद्वारा आहे, मोठा आहे, शांत आहे आणि लंगर असतो. एवढ्या राजवटींच्या या किल्ल्यावर कैद्याच्या नावाने उभी असलेली सगळ्यात मोठी वास्तू हीच, बाकी कैद्यांच्या नावाची साधी पाटी पण शोधावी लागते.

जहांगीरने अजून कोणाला पाठवलं होतं?

दोन नावं महत्त्वाची. एक मिर्झा अजीज कोका, अकबराचा दूधभाऊ, शहजादा खुस्रोचा सासरा. त्याला १६१४ च्या सुमारास ग्वाल्हेरला ठेवलं, पण खायला-प्यायला चांगलं द्या अशी ताकीद होती, आणि थोड्याच काळात सोडून परत मोठ्या हुद्द्यावर घेतलं. दुसरे शेख अहमद सरहिंदी, नक्शबंदी सूफी, ज्यांना त्यांचे अनुयायी मुजद्दिद म्हणतात. त्यांच्या पत्रांतले आध्यात्मिक दावे जहांगीरला उद्धट वाटले, १६१९ मध्ये त्यांना ग्वाल्हेरला अनूपराय सिंहदलन याच्या ताब्यात दिलं. वर्षभराने सोडलं, खिलत म्हणजे मानाचा पोशाख दिला आणि खर्चाला हजार रुपये दिले. जहांगीरने स्वतःच्या आठवणींत हे लिहिलंय.

मुरादची गोष्ट काय? शिडीचा काहीतरी किस्सा आहे ना?

आहे, आणि फार वाईट आहे. शाहजहानच्या चार मुलांत जे युद्ध झालं त्यात धाकट्या मुरादबक्षने औरंगजेबाला साथ दिली, सामूगढला १६५८ मध्ये दोघांनी मिळून दाराला हरवलं. मुराद लढवय्या होता पण भोळा आणि दारूचा शौकीन, आणि औरंगजेबाने त्याला बादशाही तुझीच असं झुलवत ठेवलेलं. दाराचा पाठलाग करताना मथुरेजवळ औरंगजेबाने त्याला जेवायला बोलावलं, दारू पाजली, झोपल्यावर हत्यारं काढून घेतली आणि बेड्या घातल्या. आधी दिल्लीला सलीमगडात आणि मग १६५९ च्या सुरुवातीला ग्वाल्हेरला.

ग्वाल्हेरला त्याच्यासोबत त्याची लाडकी सरस्वतीबाई होती, तिला बरोबर राहू द्या अशी त्याची मागणी मान्य झालेली. मुरादचे काही जुने शिपाई वेष बदलून किल्ल्याच्या पायथ्याशी राहायला लागले, पहारेकऱ्यांशी ओळखी केल्या आणि एका रात्री कड्याला दोराची शिडी लावली, खाली घोडा तयार ठेवला. मुराद निघायच्या आधी सरस्वतीबाईचा निरोप घ्यायला गेला. तिला रडू आवरलं नाही, ती मोठ्याने आक्रोश करायला लागली, पहारेकरी जागे झाले, मशाली घेऊन शोधायला लागले आणि शिडी सापडली.

यानंतर औरंगजेबाने मुरादला जिवंत ठेवायचं नाही हे ठरवलं, पण भावाला मारलं हा डाग अंगावर नको होता. मुराद गुजरातचा सुभेदार असताना त्याने आपला दिवाण अली नकी याला स्वतःच्या हाताने भाला मारून ठार केलं होतं. अली नकीच्या थोरल्या मुलाने सूड मागायला नकार दिला, दुसरा मुलगा तयार झाला. त्याने काझीकडे किसास मागितला, म्हणजे जिवाच्या बदल्यात जीव. काझीने भरपाईचे पैसे घेऊन माफ करशील का विचारलं, तो नाही म्हणाला. ४ डिसेंबर १६६१ ला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मुरादला तलवारीने मारलं आणि तिथेच पुरलं. आणि ज्या थोरल्या मुलाने सूड घ्यायचं नाकारलं त्याला औरंगजेबाने पुढे बक्षीस दिलं! कायद्याचं नाव घेऊन भावाचा काटा काढायचा आणि वर दयाळू म्हणून पण मिरवायचं, या माणसाच्या स्वभावाबद्दल एवढी एक गोष्ट वाचली तरी खूप कळतं.

कैद्यांना अफू पाजायचे हे खरं आहे का?

हो. त्याला पोस्त म्हणायचे. खसखशीची बोंडं ठेचून रात्रभर पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी तो काढा कैद्यापुढे ठेवायचा. तो संपवल्याशिवाय दिवसभर खायला काही मिळायचं नाही. माणूस लगेच मरत नाही. हळूहळू भूक जाते, शरीर झडतं, डोकं चालेनासं होतं, सुस्त पडून राहतो आणि काही महिन्यांत संपतो. राजघराण्यातल्या माणसाचं रक्त न सांडता त्याला संपवायची ही पद्धत, बाहेर सांगायला आजारपणाने गेला म्हणून मोकळे.

हे वर्णन फ्रांस्वा बर्निये या फ्रेंच डॉक्टरने लिहून ठेवलंय, तो त्या वेळी मोगल दरबारातच होता. दाराचा थोरला मुलगा सुलेमान शिकोह गढवालच्या राजाकडे आश्रयाला गेला होता, त्या म्हाताऱ्या राजाने खूप दिवस त्याला सांभाळलं पण शेवटी राजाच्या मुलाने त्याला मोगलांच्या हवाली केलं. जानेवारी १६६१ मध्ये त्याला दिल्लीच्या दरबारात औरंगजेबापुढे उभं केलं, हातात मुलामा दिलेल्या बेड्या. बर्निये तिथे हजर होता. तो सांगतो की मुलगा इतका देखणा होता की बघणाऱ्या सरदारांच्या डोळ्यांत पाणी आलं, जाळीमागून बघणाऱ्या बायकांच्या पण. सुलेमानने काकाला मुजरा करून एकच विनंती केली, मला पोस्त देणार असाल तर त्यापेक्षा आत्ताच मारून टाका. औरंगजेबाने सगळ्यांसमोर शपथ घेऊन सांगितलं की ते तुला कधीच दिलं जाणार नाही.

ग्वाल्हेरला नेल्यावर त्याला पोस्तच दिलं. दीडेक वर्षात, मे १६६२ मध्ये, तो तिथेच मेला. त्याला मुरादच्या शेजारी पुरलं. वय साधारण सत्तावीस.

मग इथून कोणी जिवंत सुटलंच नाही का?

सुटले, आणि ते कसे सुटले ते वाचून मला पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. औरंगजेबाचा स्वतःचा थोरला मुलगा मुहम्मद सुलतान हा युद्धात काका शुजाच्या मुलीच्या प्रेमात पडून १६५९ मध्ये शुजाला जाऊन मिळाला, काही महिन्यांनी परत आला, पण बापाने माफ केलं नाही. १६६१ पासून तो ग्वाल्हेरला. त्याच वेळी तिथे दाराचा धाकटा मुलगा सिपिहर शिकोह आणि मुरादचा मुलगा इजदबक्ष पण होते. चुलत भावंडं सगळी एकाच किल्ल्यात.

अकरा-बारा वर्षांनी, १६७२ च्या आसपास, औरंगजेबाने या तिघांना बाहेर काढलं आणि त्यांची लग्नं लावली. सिपिहर शिकोहला, ज्याच्या बापाला आणि भावाला मारलं त्याला, स्वतःची मुलगी जुब्दतुन्निसा दिली. इजदबक्षला दुसरी मुलगी मेहरुन्निसा दिली. मुहम्मद सुलतानला मुरादची मुलगी करून दिली. तख्तावर दावा सांगू शकतील अशी सगळी रक्तं एकाच घरात परत आणून बांधून टाकली. मुहम्मद सुलतान मात्र पुढे चारच वर्षांत, १६७६ मध्ये, गेला.

मानमंदिराच्या तळघरातलं फाशीघर खरं आहे का?

मानमंदिर हा राजवाडा मानसिंह तोमरने बांधला, त्याची कारकीर्द १४८६ ते १५१६. बाहेरून निळ्या-हिरव्या-पिवळ्या फरशांची बदकं, हत्ती, मगरी, केळीची झाडं, फार सुंदर. त्याच्या खाली दोन मजली तळघर आहे, गोल दालनं, खांब, वरून हवा यायला झरोके. हे मुळात उन्हाळ्यात गार राहायला राजघराण्यासाठी केलेलं होतं, मे महिन्यात ग्वाल्हेरला गेलात तर कशासाठी ते तुम्हाला लगेच कळेल. छतातले कडे झोपाळ्यासाठी होते. मोगलांनी हीच दालनं कैद्यांसाठी वापरली असं सांगितलं जातं आणि गाईड लोक तिथे मुरादला फाशी दिलं असं पण ठोकून देतात. मुरादला फाशी दिलेलं नाही, वर लिहिलंय तसं तलवारीने मारलं.

शाही कैद्यांची जी मुद्दाम केलेली जागा होती तिला नौचौकी म्हणायचे, नऊ कोठड्यांची, किल्ल्याच्या ढोंढा दरवाज्याच्या बाजूला. नेहमीच्या टूरमध्ये तिकडे कोणी नेत नाही.

शिवाजी महाराज, संभाजी महाराज किंवा शाहू महाराज ग्वाल्हेरला कैदेत होते का?

तिघांपैकी कोणीच नाही, आणि हे व्हॉट्सअपवर फिरणारे मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका. शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्यालाच नजरकैदेत होते आणि तिथूनच निसटले. पण एक लक्षात घ्या, मुराद आणि सुलेमान शिकोहला ग्वाल्हेरला संपवून तेव्हा पुरती पाच वर्षं पण झाली नव्हती, बाकीचे शहजादे अजून वर कैदेतच होते. औरंगजेबाच्या हातात सापडणं म्हणजे काय असतं याची ताजी उदाहरणं समोर होती. आग्र्याहून सुटकेचं महत्त्व या बाजूने पण बघायला पाहिजे.

संभाजी महाराजांना १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडलं आणि ११ मार्चला भीमेकाठी मारलं. येसूबाई आणि शाहू महाराज रायगड पडल्यावर बादशहाच्या छावणीसोबत फिरत राहिले. तोपर्यंत औरंगजेबाचा सगळा दरबारच दख्खनेत आलेला, त्यामुळे कैदी उत्तरेला पाठवायचं काही कारण उरलं नव्हतं.

महाराष्ट्रात असा कुठला किल्ला होता का?

दौलताबाद. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर शेवटचा कुतुबशहा अबुल हसन, म्हणजेच तानाशाह, याला दौलताबादला चिनी महालात ठेवलं आणि तो १६९९ मध्ये तिथेच वारला. चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांचे थोडे तुकडे अजून दिसतात. स्वराज्यात रायगडासमोरचा लिंगाणा कैद्यांसाठी वापरायचे, तिथे वर जायची वाट बघितलीत तर पहाऱ्याची वेगळी गरज का नव्हती ते समजतं.

तुरुंग बंद कधी झाला? मराठे आल्यावर काय झालं?

मोगल कमजोर झाले तसा आपोआप संपला, कारण शहजाद्यांना एवढं लांब नेऊन ठेवायची ताकदच राहिली नाही, पुढे दिल्लीच्या लाल किल्ल्यातच त्यांना कोंडायला लागले. १७५० च्या दशकात विठ्ठल शिवदेव विंचूरकरांनी किल्ला मराठ्यांकडे आणला. पानिपतनंतर गोहदच्या राण्याने बळकावला, मराठ्यांनी परत घेतला, १७८० च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या पॉपहॅमने रात्री शिड्या लावून घेतला, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या पायात कापूस भरलेले जोडे होते. मग महादजी शिंद्यांनी १७८३ मध्ये वेढा घालून परत मिळवला. १८१० मध्ये दौलतरावांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तोच आजच्या ग्वाल्हेर शहरातला ‘लष्कर’ नावाचा भाग. १८५८ नंतर इंग्रजांनी किल्ल्यावर पलटण ठेवली ती १८८६ पर्यंत, तेव्हा झाशीच्या बदल्यात किल्ला जयाजीरावांना परत मिळाला.

जायचं असेल तर कसं आणि किती वेळ ठेवायचा?

मुंबईहून पंजाब मेल, पुण्याहून झेलम एक्सप्रेस, दोन्ही ग्वाल्हेरला थांबतात, गोवा एक्सप्रेस पण थांबते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, उन्हाळ्यात अजिबात नको. गाडी उरवाही दरवाज्याच्या बाजूने वर जाते आणि बहुतेक लोक तिकडूनच जातात, वाटेत कड्यात कोरलेल्या मोठ्या जैन मूर्ती लागतात, बाबराने ज्या फोडायचा हुकूम दिला होता त्या. पण पायात जोर असेल तर एकदा तरी पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाज्याने चढा. तिथला सगळ्यात खालचा आलमगिरी दरवाजा १६६० चा आहे, म्हणजे वर मुराद कैदेत असतानाच बांधलेला, आणि त्याला नाव त्याच्या भावाचं.

अख्खा दिवस ठेवा. मानमंदिर आणि तळघर, तेली का मंदिर, सासबहू मंदिर, गुरुद्वारा, खालचा गुजरी महाल आणि त्यातलं म्युझियम. चतुर्भुज मंदिर वाटेवरच आहे, तिथल्या ८७६ च्या शिलालेखात आकडा म्हणून शून्य कोरलेलं आहे, ते बघायला परदेशातून लोक येतात. संध्याकाळी लाइट अँड साउंड शो असतो. तळघरात उतरताना टॉर्च जवळ ठेवा, पायऱ्या अरुंद आणि गुळगुळीत आहेत, वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्यांना वरच बसवा. वटवाघळांचा वास येतो, ज्यांना त्रास होतो त्यांनी रुमाल न्यावा.